एकट्याने घोडी कोकणात नेताना

पौषाच्या थंडीत विदर्भातून घोडी गाडीने कोकणात न्यायची आणि सोबत कोणी नसेल, तर सगळ्यात आधी दोराकडे बघा. तोंड उंच बांधलं की घोड्याला मान खाली घालता येत नाही. मग नाकातला शेंबूड, धूळ खाली गळण्याऐवजी फुप्फुसात उतरते आणि पोचल्यावर एक-दोन दिवसांत ताप, निमोनिया होऊ शकतो. म्हणून दर चार तासांनी गाडी सावलीत थांबवा, दोर सैल करा आणि मान जमिनीपर्यंत खाली जाऊ द्या. निदान अर्धा तास तरी. उशीर झाला तरी चालेल, हे टाळू नका. एकटे असाल तर त्याच वेळी तुम्हीही डोळे मिटा.

चारा पाण्याने ओला करूनच द्या, धूळ उडत नाही. पाण्याची चव बदलली की बरीच घोडी तोंड लावत नाहीत आणि पोटशूळ होतो. निघायच्या आठवडाभर आधीपासून पाण्यात थोडा गूळ घाला, वाटेतही तोच घाला. दोन घोडी असतील तर जड घोडं उजवीकडे ठेवा, कारण आपण चालतो ती रस्त्याची डावी बाजू कडेकडे उतरती असते. तळाला तणस जाड अंथरा. पशुवैद्यकाचा दाखला खिशात हवाच.

घाटाखाली उतरलात की झूल काढा. थंडीत वाढलेली दाट लव लगेच झडत नाही, दमट हवेत घोडं घामाने निथळतं. पहिले दोन आठवडे काम हलकं आणि सकाळीच घ्या, चाऱ्यासोबत मीठ द्या.