मृगाआधी मधपेटीचा मुंग्यांपासून बंदोबस्त

परसात सातेरी मधमाश्यांची पेटी असेल तर मृग लागायच्या आत, म्हणजे ७ जूनपूर्वी, एक सकाळ फक्त मुंग्यांसाठी काढा. भर पावसात फुलोरा तुटपुंजा, पेटीतली संख्याही रोडावलेली. त्यात सातेरी हळवी. मुंग्यांचा जाच वाढला की ती लढत बसत नाही, पोळी टाकून उठते आणि जाते.

आधी स्टँड बघा. पेटी जमिनीपासून फूट-दीड फूट वर हवी. एकाच लोखंडी पाइपाचा स्टँड मिळाला तर उत्तम, चारऐवजी एकच पाय राखायचा. पायाखाली पाण्याची खोलगट वाटी, आजीच्या जाळीच्या कपाटाला असायची तशीच. नुसत्या पाण्यात डास होतात, म्हणून वर चमचाभर गोडंतेल सोडा. गाडीचं जळकं ऑइल बरेच जण वापरतात, मला पटत नाही. वाटी भरून वाहिली की ते थेट मातीत जातं. वाटीच्या वर पायाला डब्याचं झाकण उपडं बसवा, छत्रीसारखं. पाऊस अडतो, पाचोळा अडतो आणि पाण्यावर येणाऱ्या माश्या बुडत नाहीत. त्याच्या आडोशाला पायावर ग्रीसचा पट्टा ओढलात तर तोही टिकतो.

मग कोयता घ्या. गेल्या वर्षी माझ्या वाट्या भरलेल्या, ग्रीस ताजं, तरी मुंग्या आत. दोन दिवस डोकं खाजवलं. पोफळीची एक झावळी मागून छपराला टेकली होती! तेव्हापासून गवत, वेल, फांदी, काहीही पेटीच्या हातभर जवळ येऊ देत नाही. वर आंबा असेल तर ओंबील, म्हणजे झाडावर घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या, फांदीवरूनच उतरतात. फांदी छाटा, पेटी हलवू नका, कारण बाहेर गेलेल्या माश्या जुन्याच जागी परततात. ओंबिलांची घरटी जाळायची मात्र गरज नाही, झाडावरच्या किडी तेच फस्त करतात.

मुंग्यांची पावडर किंवा खडू पेटीच्या आसपासही नको. त्या विषाने माशीही मरते. राखेचं रिंगण एका सरीपुरतं.

पेटी उघडलीच आहे तर तळपाट खरवडून मेणाचा चुरा नि मेलेल्या माश्या लांब नेऊन टाका. झाकणाखाली मुंग्यांची अंडी दिसली तर ब्रशने झाडा. माश्यांना झाकता येत नाहीत अशी रिकामी पोळी काढून घ्या, फटी बुजवा. पावसात पाक द्यावाच लागतो: साखर आणि पाणी समान, गूळ नाही. तो संध्याकाळी, पेटीच्या आतच ठेवा आणि सांडलेला थेंब लगेच ओल्या फडक्याने पुसा.

पाऊस लागल्यावर आठवड्यातून एकदा वाट्यांत डोकवा. पाण्यात पडलेलं एक पानही मुंग्यांना साकवासारखं पुरतं. काढून टाका आणि तेल पुन्हा सोडा.