लेझर कटर घेण्याआधी खिडकी मोजा

वॅट, ब्रँड आणि किंमत नंतर बघू. ठाण्यात किंवा नवी मुंबईत फ्लॅटच्या एखाद्या खोलीत बंदिस्त लेझर कटर ठेवायचा असेल, तर आधी टेप घेऊन खिडकीपाशी जा. मशीनला झाकण आहे म्हणून धूर आतच राहतो, हा समज जाहिरातीतल्या फोटोंमुळे होतो. झाकण किरण अडवतं. धूर मात्र बाहेर काढावाच लागतो, आणि तो कुठून काढायचा यावरच कुठलं मशीन घ्यायचं हे ठरतं.

मशीनच्या मागच्या तोंडापासून खिडकीपर्यंत पाइप दोन मीटरच्या आत बसला पाहिजे. सरकत्या खिडकीचं एक तावदान उघडं ठेवून त्या फटीच्या मापाची १२ मिमी प्लायची पट्टी कापून बसवायची आणि तिला १०० किंवा १५० मिमीचं भोक पाडायचं. ग्रिल किंवा बाहेरच्या भिंतीला हात लावावा लागत नाही, त्यामुळे सोसायटीच्या परवानगीचा प्रश्न सहसा येत नाही, तरी नियम एकदा बघून घ्या. खिडकीची दिशाही लिहून ठेवा. जून ते सप्टेंबर वारा नैऋत्येकडून येतो. पश्चिमेच्या खिडकीतून बाहेर सोडलेला धूर पावसासकट घरात परत येतो. पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी असेल तर तीच घ्या. नसेल तर पाइपाच्या तोंडाला खाली वळलेलं कोपर आणि आत उलटी हवा येऊ न देणारी झडप लावा. बाथरूमच्या खिडक्या ज्या सामायिक डक्टमध्ये उघडतात, तिथे मात्र धूर कधीही सोडू नका. अॅक्रिलिकचा वास दहा मिनिटांत सगळ्या मजल्यांच्या न्हाणीघरांत पोहोचेल आणि पुढच्या सभेत विषयपत्रिकेवर तुमचाच फ्लॅट नंबर असेल.

खिडकीच नसेल तर फिल्टरचं खोकं लागतं. त्यात जाड धुरासाठी आधीचा थर, मग अतिबारीक कण अडवणारा हेपा, मग वास शोषणारा सक्रिय कोळसा. एमडीएफचा (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) चिकट धूर पहिला थर भराभर भरतो, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत कोळशाची वास शोषण्याची ताकद घटते. फिल्टर बदलण्याचा खर्च दरवर्षी चालूच राहतो, तो मशीनच्या किमतीत धरा.

आता कागदावर पुढच्या सहा महिन्यांत काय काय कापायचं आहे ते लिहा आणि प्रत्येक वस्तूपुढे साहित्य लिहा. दाराची पाटी, रांगोळीचे पारदर्शक अॅक्रिलिकचे तुकडे, चामड्याची की-चेन, गणपतीचं मखर. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यापासून मखरं एमडीएफ आणि पुठ्ठ्याकडे वळली आहेत, तेव्हा बहुतेकांच्या यादीत ३ मिमी एमडीएफ असतंच. ही यादीच सांगेल की छोट्या चिपमधून किरण काढणारा डायोड लेझर पुरेल की कार्बन डायऑक्साइड भरलेल्या काचेच्या ट्यूबचा सीओटू लेझर लागेल.

डायोडचा निळा किरण साधारण ४५० नॅनोमीटरचा असतो. पारदर्शक अॅक्रिलिकमधून तो आरपार निघून जातो, काचेतून जातो तसाच. निळं अॅक्रिलिकही त्याला दाद देत नाही. काळं अॅक्रिलिक, प्लाय, एमडीएफ, पुठ्ठा आणि चामडं यांवर तो चांगला चालतो. सीओटूचा किरण १०.६ मायक्रॉनचा. अॅक्रिलिक कुठल्याही रंगाचं असो, तो शोषून घेतं, त्यामुळे रांगोळीचे तुकडे करायचे असतील तर पुढची चर्चाच नको. धातूचा पत्रा या दोन्हींपैकी कुणीही घरी कापणार नाही.

वॅटच्या आकड्यात सगळ्यात जास्त फसगत होते. डायोडच्या जाहिरातीत ‘४० वॅट’ लिहिलेलं असतं, ते पुष्कळदा वीज किती खातं याचं माप असतं, प्रकाश पाच-दहा वॅटचाच निघतो. ऑप्टिकल आउटपुट किती, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. १० वॅट खऱ्या प्रकाशात ३ मिमी हलकी प्लाय एका-दोन फेऱ्यांत कापली जाते, ५ वॅटला अनेक फेऱ्या लागतात आणि कडा जळून काळ्या होतात. सीओटूत काचेच्या ट्यूबची लांबीच खरं बोलते. स्वस्त के-४० प्रकारच्या मशीनमध्ये ७०० मिमीच्या आसपासची ट्यूब असते आणि ती ‘४०’ म्हणून विकली जात असली तरी ३० ते ३५ वॅटच देते. ६० वॅटची ट्यूब बाराशे मिमीच्या घरात जाते. टेबलावरच्या छोट्या खोक्यात ६० वॅट आहे असं कुणी म्हणालं, तर ट्यूब कुठे बसवली आहे ते दाखवायला सांगा.

काय कापायचं नाही, याचीही यादी हवी, आणि ती मशीनवरच चिकटवा. सनबोर्ड, रेक्झिन, विनाइल स्टिकर: तिन्ही बहुतेक वेळा पीव्हीसी. लेझर लागला की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, आपल्या दमट हवेत त्याचं आम्ल होतं आणि रेल, बेअरिंग, लेन्स सगळं गंजतं. फुप्फुसांचं तर बोलायलाच नको. मुलांच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी ‘फक्त एक सनबोर्ड’ मागणारे शेजारी हमखास येतात, त्यांना नाही म्हणायची तयारी आधीच करा. पॉलिकार्बोनेट पिवळं पडून पेट घेतं, थर्माकोल वितळत पेटतो. प्लास्टिक ओळखू येत नसेल तर तांब्याची तार टॉर्च-लायटरवर लालभडक तापवा, ती प्लास्टिकला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर बहुतेक क्लोरीन आहे, तो तुकडा बाद. ही परीक्षा उघड्या खिडकीपाशी करा, स्वयंपाकाच्या शेगडीवर नको. प्लाय घेताना बीडब्ल्यूपी म्हणजे मरीन ग्रेड टाळा. फेनॉलच्या डिंकाची काळी रेघ किरणाला अडवते. साधी एमआर (घरातल्या ओलाव्यापुरती) प्लाय बरी, पण आत भरलेली गाठ किंवा पोकळी असेल तर तीही मध्येच कापायची राहते.

हे लिहून झाल्यावर एकदा थांबून हिशोब करा. वर्षातून चार पाट्या आणि एक मखर एवढंच काम असेल, तर वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापेच्या पट्ट्यात जॉबवर्क करणाऱ्याकडून कापून घेणं स्वस्त पडेल. मशीन घ्यायचं ठरलं तरी आधी दोन-तीन कामं तिथे करून घ्या. फाइल कशी द्यायची, कडा कशी येते, किती वेळ लागतो, हे सगळं मशीन न घेता कळतं.

जागेचं थोडक्यात: के-४० आकाराचं सीओटू मशीन सुमारे ८०० बाय ५०० मिमी, वजन २५ ते ३० किलो, आणि कापायची जागा फक्त ३०० बाय २०० मिमी. टेबल हलता कामा नये. लिफ्ट आणि बेडरूमच्या दाराची रुंदी खोक्यासकट मोजा. झाकण वर उघडल्यावर माळ्याला आपटतं का, तेही बघा.

पंखा घेताना बाथरूमचा एक्झॉस्ट घेऊ नका, तो पाइपातून हवा ढकलण्याइतका दाब देत नाही. पाइपाच्या मध्येच बसणारा इनलाइन पंखा घ्या, १०० मिमीच्या पाइपाला २०० घनमीटर प्रतितास तरी छापलेला. तो आकडा मोकळ्या पंख्याचा असतो, दोन वळणं आली की बराच घटतो. पंखा मशीनला न लावता खिडकीच्या टोकाला बसवा. मग खोलीतल्या पाइपात हवा आत ओढली जाते आणि सांधा थोडा फुटला तरी धूर खोलीत सांडत नाही. खोलीचं दार बोटभर उघडं ठेवा, नाहीतर आत यायला हवाच मिळत नाही आणि पंखा नुसता फिरत राहतो. तपासणी अगदी सोपी. झाकण बंद करून फटींपाशी उदबत्ती फिरवा. धूर सगळीकडून आत ओढला गेला पाहिजे.

सीओटू घेणाऱ्यांसाठी इथून पुढचा भाग महत्त्वाचा, कारण इथल्या हवेत ट्यूबा पाण्यामुळे मरतात. ट्यूब गार ठेवायला तिच्यातून फिरवायचं पाणी १५ ते २५ अंश ठेवा असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ते पाळून जुलैत १८ अंशांचं पाणी फिरवलंत तर फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखा ट्यूबला घाम फुटतो. ट्यूबच्या टोकाला १५ ते २० हजार व्होल्ट असतात. घामावरून ठिणगी उडते आणि पॉवर सप्लाय जातो. उपाय हिशोबाचा आहे. खोलीचं तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ आणा. शंभरातून आर्द्रता वजा करा, पाचने भागा आणि तो आकडा तापमानातून वजा करा. ३० अंश आणि ८० टक्के असेल तर दव साधारण २६ अंशांवर पडतं. पाणी त्याहून दोन अंश वर, म्हणजे २८ वर ठेवा. शक्ती थोडी कमी मिळेल, पण ट्यूब वाचेल. त्यापेक्षा एसी ड्राय मोडवर लावून खोली २६ अंश आणि ५५ टक्क्यांवर आणली, तर दवबिंदू १७ वर उतरतो आणि पाणी निवांत २० वर ठेवता येतं. गणपतीची कामं नेमकी ऑगस्टमध्ये येतात, म्हणून हे पाठच करा.

मे महिन्यात उलटी अडचण असते. पाणी गार करणाऱ्या चिलरपैकी सीडब्ल्यू-३००० हे नुसतं रेडिएटर-पंख्याचं यंत्र, ते पाणी खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. खोली ३४ अंश, तर पाणी ३६. सीडब्ल्यू-५००० किंवा ५२०० मध्ये कॉम्प्रेसर असतो, इथे तोच लागतो. बादलीत बर्फाच्या बाटल्या टाकण्याची युक्ती एकदम गार झटका देते, काच तडकू शकते. पाणी डिस्टिल्डच, नळाचं किंवा बाटलीबंद पिण्याचं नाही. पाइपात शेवाळ दिसायच्या आत बदला. परदेशी व्हिडिओंत अँटीफ्रीझ घालतात, ते ठाण्यातल्या हिवाळ्यात कशाला? ट्यूबमध्ये पाणी खालून आत आणि वरून बाहेर यायला हवं, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. बुडबुड्यापाशी काच तापते आणि फुटते.

वायरमनला बोलवा. मशीन, चिलर आणि पंखा मिळून १००० ते १२०० वॅट धरा आणि एसीसारखा स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट काढून घ्या. मल्टिमीटरने फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. जुन्या इमारतींत तिसरी पिन नुसती शोभेची असते. तसं असेल तर अर्थिंग होईपर्यंत सीओटू लावू नका. वीज गळताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. पाणी थांबलं की लेझर बंद करणारा फ्लो स्विच मशीनमध्ये आहे ना, हे विकत घेतानाच विचारा.

झाकणाचं मशीन घेण्याचा सगळा अर्थ झाकण उघडताच किरण बंद होण्यात आहे. डेमोला जाल तेव्हा चष्मा लावून, अगदी कमी पॉवरवर टाकाऊ पुठ्ठा चालू असताना झाकण किंचित उचलायला सांगा. किरण तत्क्षणी गेला नाही तर ते मशीन घेऊ नका. डायोडच्या झाकणाची खिडकी नारिंगी किंवा लाल फिल्टरची हवी. साध्या पारदर्शक अॅक्रिलिकमधून निळा किरण आरपार येतो. सीओटूला मात्र तेच पारदर्शक अॅक्रिलिक अडवतं. दोन्ही मशीनची झाकणं एकसारखी दिसली तरी अदलाबदल करायची नाही. शेजारी २ किलोचं सीओटू अग्निशामक ठेवा. एबीसी पावडरने आग विझते, पण ती पावडर लेन्स, रेल आणि बोर्ड खाते. ज्योत दिसली की आधी लेझर बंद, मग कापायच्या जागी हवा फुंकणारा एअर असिस्ट पंप बंद, कारण तोच आगीला हवा पुरवतो. पाणी मारू नका. आणि काम चालू असताना चहा टाकायला स्वयंपाकघरात जायचं नाही.

विक्रेत्याला विचारायचे प्रश्न: ट्यूबवर छापलेली उत्पादनाची तारीख कुठली (पडून राहिलेली ट्यूबही हळूहळू अशक्त होते), वाहतुकीत काच फुटली तर भरपाई कोण देणार, जादा लेन्स आणि आरसे मिळतात का, बोर्ड कुठला आहे. जीआरबीएल (बोर्डावरचा नियंत्रण प्रोग्रॅम) असलेलं मशीन विंडोजवर लेझरजीआरबीएल या मोफत सॉफ्टवेअरने चालतं. के-४० च्या मूळ बोर्डावर लाइटबर्न हे विकतचं सॉफ्टवेअर चालत नाही, हे पुष्कळांना पैसे भरल्यावर कळतं. मशीनच्या किमतीच्या निदान एक तृतीयांश रक्कम पंखा, पाणी, वायरिंग आणि साहित्यासाठी बाजूला काढा. खोकं उघडताना पहिल्या पट्टीपासून व्हिडिओ काढा.

मराठी पाट्यांसाठी एक वेगळी तयारी लागते. इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं पाथमध्ये (बाह्यरेषांत) बदलली की शिरोरेषेचे तुकडे एकमेकांवर चढलेले राहतात, आणि लेझर प्रत्येक सांध्यावर रेघ मारून शब्दाचे तुकडे करतो. सगळं निवडून युनियन (एकत्र जोडणं) करा, मग अख्खा शब्द शिरोरेषेला लटकून एकसंध निघतो. सुटे पडतात ते अनुस्वार आणि विसर्ग. त्यांना बारीक पूल द्या किंवा मागे पातळ पत्रा ठेवून चिकटवा.

मशीन आल्यावर पहिल्या दिवशी मखर लावू नका. एमडीएफची जाडी व्हर्नियरने मोजा, ‘३ मिमी’ म्हणून आणलेला पत्रा २.८ ते ३.२ मध्ये कुठेही भरतो आणि पावसाळ्यात फुगतो. मग २० मिमीचे दहा चौकोन सुटे-सुटे कापून एका ओळीत घट्ट लावा आणि एकूण लांबी मोजा. १९८.२ आली तर किरणाची रुंदी ०.१८ मिमी. खाचेचं माप पत्र्याच्या जाडीतून हा आकडा वजा करून घ्या. खूप घट्ट बसली तर दर वेळी ०.०५ ने सैल करत जा. जमलेला आकडा, पत्र्याची जाडी आणि त्या दिवशीची आर्द्रता पेन्सिलने त्याच तुकड्यावर लिहून खिडकीच्या प्लायला टांगा.