इंग्लंडमध्ये पहिलं घर घेताना: एक्स्चेंजच्या आधी काय विचारून घ्यायचं

एजंटने फोनवर 'ऑफर ॲक्सेप्ट झाली' असं सांगितलं की घरच्यांना कळवण्याची घाई होते. पण इंग्लंड आणि वेल्समध्ये त्या क्षणी कायद्याने काहीही ठरलेलं नसतं. १९८९ च्या कायद्याप्रमाणे घर-जमिनीचा व्यवहार लेखी आणि सह्या झालेल्या कराराशिवाय बंधनकारक होत नाही. विकणारा दुसऱ्याची जास्तीची किंमत घेऊन मोकळा होऊ शकतो आणि तुम्हीही कारण न देता मागे येऊ शकता. दोन्ही बाजू बांधल्या जातात त्या 'एक्स्चेंज ऑफ कॉन्ट्रॅक्ट्स'च्या दिवशी. तिथपर्यंत पोहोचायला बरेचदा तीन ते पाच महिने लागतात. खोदून विचारायचं, अडून बसायचं, भाव कमी करून मागायचा तो याच काळात. स्कॉटलंडमध्ये पद्धत आणि कर दोन्ही वेगळे आहेत, त्यामुळे पुढचं काहीही तिथे लावू नका.

इथे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन अंगठे उमटवायचे नसतात. सगळं काम तुमचा सॉलिसिटर (वकील) किंवा लायसन्स्ड कन्व्हेयन्सर (फक्त घर-जमिनीचे व्यवहार करणारा परवानाधारक) करतो. एजंट ज्याचं नाव सुचवतो त्यालाच नेमायचं बंधन नाही, आणि त्या शिफारशीसाठी एजंटला पैसे मिळत असतील तर ते तुम्हाला सांगणं भाग आहे. कोटेशन मागताना तीन गोष्टी लेखी घ्या: व्हॅट आणि सर्चेस (काउन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, वगैरेंकडून घराच्या नोंदी तपासून घेणं) धरून एकूण रक्कम किती, फाइल नेमकी कोण हाताळणार, आणि फर्म तुम्हाला गृहकर्ज देणाऱ्या बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे मान्य वकिलांच्या यादीत, आहे का. पॅनेलवर नसेल तर बँक स्वतःसाठी वेगळा वकील लावते आणि त्याचा खर्च व उशीर दोन्ही तुमच्या माथी येतात.

आता आपल्या लोकांना सगळ्यात महागात पडणारा प्रश्न: भारतात तुमच्या नावावर घर आहे का? पुण्यातला फ्लॅट, आईबरोबर जोडनावावर घेतलेलं ठाण्यातलं घर, गावच्या वाड्यातला वारसाहक्काचा हिस्सा, हे सगळं इथल्या स्टॅम्प ड्यूटीत मोजलं जातं. इंग्लंडमध्ये १ एप्रिल २०२५ पासून पहिल्या १,२५,००० पौंडांवर शून्य, पुढच्या १,२५,००० वर २ टक्के आणि त्यावर ९,२५,००० पर्यंत ५ टक्के असा दर आहे. पहिलं घर घेणाऱ्यांना ३,००,००० पर्यंत शून्य आणि तिथून ५,००,००० पर्यंत ५ टक्के. किंमत ५,००,००० च्या वर गेली की सवलत पूर्ण जाते. ही सवलत ज्याच्या नावावर जगात कुठेही, कधीही राहतं घर आलेलं नाही त्यालाच मिळते. वारशाने आलेला हिस्साही त्यात धरतात, तो नंतर विकून टाकला असला तरी.

त्याहून मोठा फटका जादा घराच्या अधिभाराचा. व्यवहार पूर्ण होईल त्या दिवशी जगात कुठेही ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचं दुसरं घर वा घरातला हिस्सा तुमच्या नावावर असेल, तर पूर्ण किमतीवर ५ टक्के जास्त लागतात. नवरा-बायको यात एकच धरले जातात, म्हणून 'तो फ्लॅट तर तिच्या नावावर आहे' हे उत्तर चालत नाही. त्यावर, खरेदीच्या आधीच्या बारा महिन्यांत तुम्ही ब्रिटनमध्ये १८३ दिवस राहिला नसाल, तर आणखी २ टक्के. ४,००,००० पौंडांच्या घरावर पहिल्या खरेदीला ५,००० कर, साधा दर लागला तर १०,०००, भारतातल्या फ्लॅटमुळे ३०,००० आणि नुकतेच आला असाल तर ३८,००० पौंड. डिपॉझिटसाठी, म्हणजे घराच्या किमतीतल्या स्वतःच्या वाट्यासाठी, वर्षानुवर्षं साठवलेली रक्कम इथे वितळते, आणि ज्यांना हे शेवटच्या आठवड्यात कळतं त्यांच्या हातात काही उरत नाही.

मार्ग आहेत, पण ते आधी विचारावे लागतात. गेल्या तीन वर्षांत वारशाने आलेला पन्नास टक्क्यांपर्यंतचा हिस्सा अधिभारासाठी धरत नाहीत. नुसती शेतजमीन म्हणजे राहतं घर नव्हे. २ टक्क्यांचा भाग, खरेदीच्या दिवसाच्या मागेपुढे धरून सलग ३६५ दिवसांत १८३ दिवस इथे काढल्याचं दाखवता आलं, तर परत मागता येतो. अर्ज दोन वर्षांच्या आत करायचा. वडील गेल्यावर फेरफार झालेला नाही म्हणून आपला हिस्साच नाही, असं मनाने ठरवू नका. प्रॉपर्टी कार्ड, ग्रामपंचायतीकडचा घराचा उतारा, भावंडांची संमतीपत्रं, जे असेल ते पहिल्याच भेटीत सॉलिसिटरपुढे ठेवा. परदेशातल्या मालमत्तेबद्दल त्याला नीट सांगता येत नसेल तर कर सल्लागाराकडे जा. स्टॅम्प ड्यूटीचा रिटर्न सॉलिसिटर भरत असला तरी चुकीची जबाबदारी तुमचीच असते.

पैसा कुठून आला हे दाखवणंही आधी सुरू करा. फर्मवर मनी लाँडरिंगचे नियम कडक आहेत, त्यामुळे नुसती शिल्लक पुरत नाही, तिचा मागचा प्रवास हवा. भारतातला फ्लॅट विकला असेल तर नोंदणीकृत करार, इंडेक्स टू आणि बँकेतली जमा नोंद तिन्ही द्या. आईवडील मदत करत असतील तर ती देणगी आहे, परत करायची नाही आणि घरात त्यांचा हक्क नाही, असं सहीचं पत्र बँक मागते. पैसे उसने असतील तर या पत्रावर सही करू नका, ते खोटं विधान ठरतं. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर बाहेर पाठवता येतात; तुमच्या एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या उत्पन्नाच्या) खात्यातून १० लाख डॉलरपर्यंत, पण सीएचं प्रमाणपत्र लागतं. एनआरओमधून येणाऱ्या पैशांना कागदांसाठी काही आठवडे धरून चाला.

कागदपत्रांत लँड रजिस्ट्रीचा (सरकारी मालमत्ता नोंदणी कार्यालयाचा) उतारा पहिला. तो तीन भागांत असतो: मालमत्तेचं वर्णन, मालकाचं नाव, आणि बोजे व अटी. सोबतच्या नकाशावरची लाल रेषा हद्द ढोबळ दाखवते; ती आपल्या मोजणी नकाशासारखी वाचून कुंपणावरून वाद घालू नका. विकणारा टीए६ फॉर्मवर शेजाऱ्यांशी वाद, बांधकामं, पूर, जॅपनीज नॉटवीड (झपाट्याने पसरून बांधकामाला त्रास देणारं झुडूप) यांची उत्तरं देतो. मागे खोली वाढवलेली दिसली आणि बिल्डिंग रेग्युलेशन्सचं (बांधकामाच्या नियमांचं) पूर्णत्वाचं प्रमाणपत्र नसलं, तर वकील बहुतेक वेळा इन्डेम्निटी विमा सुचवेल. तो घेण्याआधी त्या बांधकामाबद्दल काउन्सिलला फोन करू नका, कारण काउन्सिल सावध झालं की विमा कंपनी नकार देते. आणि हा विमा काउन्सिलच्या कारवाईपासून वाचवतो, कच्च्या भिंतीपासून नाही. त्यासाठी सर्व्हे हवा. बँकेचं व्हॅल्युएशन बँकेसाठी असतं. साध्या घराला आरआयसीएसचा (सर्व्हेअरांच्या व्यावसायिक संस्थेचा) लेव्हल २ सर्व्हे, जुन्या किंवा बरेच बदल केलेल्या घराला लेव्हल ३. लंडनच्या चिकणमातीत मोठी झाडं घराला लागून असतील तर पाया खचल्याच्या खुणा मुद्दाम पाहायला सांगा. काउन्सिलचा सर्च तुमच्या घरापुरता असतो. शेजारच्या जागेवर तीन मजली बांधकाम होणार आहे का हे काउन्सिलच्या प्लॅनिंगच्या पानावर स्वतः शोधावं लागतं.

फ्लॅट असेल तर तो बहुतेक लीजहोल्ड, म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचा. लीजची किती वर्षं उरली हे भाव ठरवण्याआधी विचारा. ८० वर्षांच्या खाली गेली की वाढवून घेणं महाग होतं आणि बऱ्याच बँका मागे सरतात. मागच्या तीन वर्षांचे सर्व्हिस चार्जचे (इमारतीच्या देखभाल खर्चाचे) हिशेब, ग्राउंड रेंट (जमीनमालकाचं भाडं) वाढीचं कलम आणि येऊ घातलेल्या मोठ्या कामांच्या नोटिसा मागवा. इमारत ११ मीटर किंवा त्याहून उंच असेल तर क्लॅडिंगचे (बाहेरच्या भिंतींवरच्या आवरणाचे) कागद आणि २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्याखालचं लीजहोल्डरचं प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दोघांच्या नावावर घेताना जॉइंट टेनंट्स की टेनंट्स इन कॉमन, हे ठरवा. पहिल्यात एक गेल्यावर घर आपोआप दुसऱ्याचं होतं, मृत्युपत्र चालत नाही. दुसऱ्यात हिस्से वेगळे राहतात. एका बाजूच्या आईवडिलांनी मोठी रक्कम दिली असेल तर दुसरा प्रकार आणि डिक्लरेशन ऑफ ट्रस्ट (कुणाचा किती हिस्सा हे लिहिलेला कागद), हे करून ठेवा. बोलायला अवघड वाटतं, पण वाटणीच्या वेळी ते कागद दोघांनाही वाचवतात.

एक्स्चेंजला सहसा १० टक्के रक्कम जाते. नंतर माघार घेतली तर ती बुडू शकते. नेहमीच्या अटींप्रमाणे त्या दिवसापासून घराची जोखीम तुमची, म्हणून इमारतीचा विमा किल्ल्या मिळण्याच्या दिवसापासून नाही, एक्स्चेंजपासून सुरू करा. हस्तांतराच्या टीआर१ वर सही साक्षीदाराच्या डोळ्यांदेखत करायची; त्याच कागदावर सही करणारा जोडीदार साक्षीदार चालत नाही. शेवटच्या दिवसांत 'आमचं बँक खातं बदललं आहे' असा ईमेल आला तर पैसे पाठवू नका. पहिल्या पत्रावरच्या नंबरला फोन करून खातं पडताळा.

किल्ल्या मिळाल्यावर १४ दिवसांत स्टॅम्प ड्यूटीचा रिटर्न आणि भरणा झाल्याची पावती सॉलिसिटरकडून मागून घ्या. लँड रजिस्ट्रीच्या नोंदीला कधी कधी महिने लागतात. नोंद आल्यावर नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर तपासा, आणि त्यांच्या मोफत प्रॉपर्टी अलर्ट सेवेत घराची नोंद करा, म्हणजे तुमच्या उताऱ्यावर कुणी अर्ज केला की ईमेल येईल.