गिरणेतले मासे मोजताना: जाळं, बादली आणि वही

खानदेशात मासे मोजायला नोव्हेंबर-डिसेंबर आणि फेब्रुवारी हेच काळ सोयीचे. पावसाळ्यात गिरणा, पांझरा, बोरी या नद्या गढूळ आणि जोरात असतात, शिवाय बऱ्याच माद्यांच्या पोटात अंडी असतात. एप्रिल-मेमध्ये धार तुटून डोह उरतात. पट्टाभरचे मासे तिथेच दाटलेले, त्यामुळे आकडा फुगतो. आणि त्या उन्हात हाताळलेला मासा वाचत नाही.

निघण्याआधी दोन ठिकाणी विचारा. पाटबंधारे खात्याकडे: गिरणा धरणाचं (पांझरेवर असाल तर अक्कलपाड्याचं) आवर्तन (ठरावीक पाळीचं पाणी) सुटणार आहे का? सुटलं की मोजणी वाया जाते आणि पात्रातली माणसं अडकतात. दुसरं, त्या पट्ट्यातल्या मच्छीमार सोसायटीकडे. मासेमारीचा हक्क त्यांचा असेल तर होकाराशिवाय जाळं टाकू नका. मत्स्यव्यवसाय खात्यालाही लेखी कळवा. जमलं तर एखाद्या भोईदादांना सोबत घ्या. वाळू उपशाचे खड्डे त्यांना ठाऊक असतात. गुडघाभर पाण्यात चालताना पुढचं पाऊल डोकं बुडेल इतक्या खोल खड्ड्यात पडू शकतं, म्हणून काठीने चाचपत चाला. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी काठावर वही धरावी.

पट्टा १०० मीटरचा घ्या आणि दोन्ही टोकांना पक्की खूण करा; पुढच्या वर्षी तिथूनच सुरुवात करायची आहे. दोन्ही टोकं बारीक जाळ्याने आडवी बंद करा, खालची कड दगडांनी दाबा.

ओढजाळं १० ते १५ मीटर लांब, दीड मीटर उंच, आस (जाळ्याच्या भोकाचं माप) ६ ते ८ मिलिमीटर. तंगूस (नायलॉनच्या एकेरी धाग्याचं जाळं) वापरू नका. त्यात कल्ले अडकून मासा मरतो. दोघांनी टोकं धरायची, तिसऱ्याने मागून चालत अडकलेलं जाळं सोडवायचं. खालची शिशाची दोरी तळाला घासतच आली पाहिजे. बहुतेक मोजण्या इथेच बिघडतात: दोरी बाभळीच्या फांदीला अडते, ओढणारा जोर लावतो, जाळं वीतभर उचललं जातं आणि तळाचे मासे खालून निघून जातात. मग वहीत वाम आणि मळ्या नाहीत असं दिसतं. अडलं तर थांबा, सोडवा. तरीही उचललं गेलं तर ती ओढ वहीत 'बिघडली' म्हणून नोंदवा.

बादल्या आधीच भरून सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवा. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. २० लिटरच्या बादलीत बोटाएवढे वीसच मासे, पाणी दर दहा मिनिटांनी बदला. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले की मोजमाप थांबवून ते आधी सोडा. मरळ मात्र धडधाकट असतानाही हवा घ्यायला वर येते, तिच्यावरून घाबरू नका. तिला वेगळ्या बादलीत ठेवा, नाहीतर ती लहान मासे गिळते.

हात ओले करूनच मासा धरा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. शिंगाळ्याच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या काट्यांना दाते असतात. तो जाळ्यात गुंतला तर मागे ओढू नका, काट्याजवळचा धागा कात्रीने कापा. जाळं शिवता येतं. काटा लागलाच तर जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरा.

लांबी उभ्या चिरलेल्या पीव्हीसी पाइपला पट्टी चिकटवून मोजा, मिलिमीटरमध्ये. एका जातीचे पन्नास मोजले की पुढचे नुसते गणा. नावाचा घोळ हमखास होतो, कारण गाव बदललं की माशाचं नाव बदलतं. म्हणून प्रत्येक जातीचा पट्टीसकट, डावी बाजू दिसेल असा फोटो घ्या आणि गावातलं नाव शेजारी लिहा. चिलापी वेगळ्या रकान्यात. विदेशी मांगूर सापडला तर परत सोडू नका, मत्स्यव्यवसाय खात्याला कळवा.

त्याच पट्ट्यात तेवढ्याच वेळाची दुसरी ओढ करा; पहिल्या ओढीतले मासे तोवर बादलीतच. पहिलीचा आकडा त्याच आकड्याने गुणून दोन्हींतल्या फरकाने भागा. पहिल्यांदा ४०, नंतर १६: १६०० भागिले २४, म्हणजे पट्ट्यात एकूण सुमारे ६७ मासे. दुसऱ्यांदा ३५ आले तर उत्तर ३२० येतं, त्यावर विश्वास ठेवू नका. टोकाचं जाळं कुठे उघडं पडलंय ते पाहा, मग तिसरी ओढ घ्या.

एकूण आकड्यापेक्षा जातींचा रकाना आधी वाचा. मळ्याला दगड आणि वाहती धार लागते. तो दोन-तीन वर्षं सलग गायब आणि मरळ, चिलापी, गप्पी एवढेच भरपूर, तर वरच्या अंगाला सांडपाणी, वाळू उपसा किंवा अडवलेली धार शोधा. रिकाम्या ओढीचं शून्यही लिहायचं.

गिरणेवरून पांझरेवर जायचं असेल तर आधी जाळं झटकून, धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा. गाठींमध्ये अंडी आणि जलपर्णीचे तुकडे अडकलेले असतात.