तीव्र ताणजन्य डोकेदुखी : आपत्कालीन विभागातील उपचार

डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखी, दोन्ही बाजूंची डोकेदुखी घेऊन आलेल्या रुग्णाला ताणजन्य डोकेदुखीच आहे असे मानण्यापूर्वी वेदना क्षणार्धात शिगेला पोहोचली का, ताप, मान ताठरणे, शुद्ध हरपणे, हातापायांतील अशक्तपणा किंवा डोक्याला मार आहे का, हे तपासावे. वय ५० च्या पुढे असून असे दुखणे प्रथमच उद्भवले असेल, तर अधिक सावध राहावे. यांपैकी काहीही आढळल्यास आधी कारण शोधावे.

घरी कोणती गोळी, किती व केव्हा घेतली हे विचारून, मूत्रपिंडाचा विकार, जठरव्रण वा रक्तस्रावाचा धोका नसल्यास प्रौढाला आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, अन्यथा यकृत ठीक असल्यास पॅरासिटामॉल १००० मिलिग्रॅम द्यावे. तेवढ्याने न भागल्यास मेटोक्लोप्रामाइड (मळमळ थांबवणारे, डोकेदुखीवरही उपयोगी औषध) १० मिलिग्रॅम शिरेतून द्यावे, मात्र सुमारे १५ मिनिटांत, सावकाश. घाईने दिल्यास रुग्ण कमालीचा अस्वस्थ होतो आणि ती अस्वस्थता कित्येकदा भीती समजली जाते. अफूजन्य औषधे (मॉर्फिनसारखी वेदनाशामके) टाळावीत.

महिन्यात १५ किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्याची डोकेदुखी त्या गोळ्यांमुळेही टिकून असू शकते, हे घरी पाठवताना स्पष्ट सांगावे.