मटमध्ये एकापेक्षा जास्त ईमेल पत्ते वापरताय? या चुका टाळा

वेळास-केळशीकडे कासवांचा हंगाम सुरू झाला की होमस्टेच्या चौकशा एका पत्त्यावर येतात, आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरी दुसऱ्यावर आणि बँकेचे, घरच्यांचे मेल तिसऱ्यावर. डोंगराआड रेंज जेमतेम असते तेव्हा ब्राउझरमधला मेल नुसता गोल फिरत राहतो. सर्व्हरवर लॉगिन करून उघडलेलं मट, म्हणजे टर्मिनलमध्ये चालणारा ईमेल प्रोग्राम, मात्र तेवढ्या रेंजवरही चालतं, कारण पडद्यावर फक्त अक्षरं यायची असतात. मायकेल एल्किन्सने १९९५ मध्ये आणलेला हा प्रोग्राम आजही टिकून आहे तो उगीच नाही.

पण हे तिन्ही पत्ते तुमचेच आहेत हे मटला आपोआप कळत नाही. त्याला माहीत असतो तो सेटिंगमधला ‘फ्रॉम’ पत्ता आणि त्या मशीनवरचं तुमचं यूजरनेम. बाकी सगळे परके. मग सर्वांना उत्तर द्यायला गेलात की सीसीमध्ये तुमचाच दुसरा पत्ता येऊन बसतो. यादीत तुम्हाला आलेल्या मेलसमोर अधिकचं चिन्ह किंवा ‘टी’ दिसत नाही. होमस्टेच्या पत्त्यावरून पाहुण्याला पाठवलेल्या मेलवर, काहीतरी सांगायचं राहिलं म्हणून रिप्लाय दाबलात, तर तो पाहुण्याऐवजी तुम्हालाच यायला निघतो. लोक या तिन्हींसाठी तीन वेगळी सेटिंगं शोधत बसतात. लागते ती एकच: ‘अल्टरनेट्स’ ही कमांड. मटच्या सेटिंगच्या फाइलीत तिच्यापुढे आपले सगळे पत्ते लिहायचे.

पत्ता लिहिण्यातल्या चुका

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. अल्टरनेट्सला तुम्ही पत्ता देताय असं वाटतं, पण मट तो रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे अक्षरं जुळवायचा साचा, म्हणून वाचतं आणि ते पत्त्यात कुठेही जुळलं तरी चालवून घेतं. समजा तुमचा पत्ता ‘जय@’ने सुरू होतो आणि तुम्ही तो तसाच लिहिला. आता त्याच डोमेनवरचे विजय, संजय, अजय आणि धनंजय हे सगळे मटच्या लेखी तुम्हीच! संजयला सीसी असलेल्या मेलला तुम्ही सर्वांना म्हणून उत्तर देता आणि संजय गुपचूप गळतो. चूक लक्षात येते ती संजयने फोन केल्यावर. म्हणून सुरुवातीला ^ आणि शेवटी $ हवंच, आणि टिंबाच्या आधी \ हवा, कारण नुसतं टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर. ओळ साधारण अशी होते (फाइलीत अर्थातच रोमन अक्षरांत):

अल्टरनेट्स '^जय(\+.*)?@आमराई\.उदाहरण$' '^निवास@आमराई\.उदाहरण$'

कंसातला भाग ‘जय+बँक’सारख्या पत्त्यांसाठी आहे. अवतरणचिन्हं एकेरीच ठेवा. दुहेरी चिन्हांत मट एक \ खाऊन टाकतं, मग + चा अर्थ बदलतो आणि ओळ बरोबर दिसूनही चालत नाही. दुहेरीच वापरायची असतील तर \ दोनदा लिहा.

दोन पत्त्यांमध्ये फक्त जागा सोडा. स्वल्पविराम टाकलात तर तो आधीच्या पत्त्याला चिकटतो आणि तो पत्ता कधीच जुळत नाही. यादीतला फक्त शेवटचा पत्ता ओळखला जात असेल, तर आधी स्वल्पविरामच शोधा.

जीमेलवाल्यांसाठी एक जास्तीची भानगड. तिथे नावातली टिंबं धरलीच जात नाहीत, त्यामुळे एखाद्याने तुमचा पत्ता टिंब घालून लिहिला तरी मेल पोचतो. मट मात्र त्या टिंबाला धरून बसतं. असे मेल येत असतील तर तेही रूप यादीत घाला. लहान-मोठ्या अक्षरांची काळजी नको, तो फरक मट इथे करत नाही.

इंटरनेटवरून उचललेल्या जुन्या फाइलीत ‘सेट अल्टरनेट्स’ असं सापडलं तर ‘सेट’ काढा आणि बरोबरीचं चिन्हही. पूर्वी ते व्हेरिएबल होतं, आता कमांड आहे.

ओळखलं, पण उत्तर भलत्याच पत्त्यावरून

अल्टरनेट्सचं काम ओळखण्यापुरतंच. ज्या पत्त्यावर मेल आला त्यावरूनच उत्तर जावं, यासाठी ‘रिव्हर्स नेम’ वेगळं चालू करावं लागतं. ते चालू करूनही फरक पडत नसेल तर फाइलीत ‘माय हेडर’ या कमांडने फ्रॉम ठरवलेला आहे का बघा. तो शेवटी लागू होतो आणि रिव्हर्स नेमने निवडलेला पत्ता पुसून टाकतो. तो काढा, त्याऐवजी ‘सेट फ्रॉम’ वापरा. बीसीसीने आलेल्या मेलमध्ये तुमचा पत्ता कुठेच नसतो, तिथे मूळ फ्रॉमच जाणार. तो दोष नव्हे.

रिव्हर्स नेमसोबत एक गमतीशीर खोड येते. ‘रिव्हर्स रिअलनेम’ मुळातच चालू असतं, म्हणजे समोरच्याने तुमच्या पत्त्याला जे नाव दिलंय तेच नाव घेऊन तुमचं उत्तर जातं. पाहुण्याने तुम्हाला ‘वेळास रूम जेवणासकट’ म्हणून सेव्ह केलं असेल, तर उत्तर लिहिणारे श्रीयुत वेळास रूम जेवणासकट! ते बंद करा आणि ‘रिअलनेम’मध्ये आपलं नाव लिहा.

फ्रॉम बदलला म्हणून पाठवणारा सर्व्हर बदलत नाही, हेही विसरलं जातं. आमराईचा पत्ता लावून मेल दुसऱ्याच सेवेच्या सर्व्हरवरून गेला, तर समोरच्याकडे एसपीएफ आणि डीमार्कच्या (मेल खरंच त्या पत्त्याच्या डोमेनकडून आला का, हे बघणाऱ्या) तपासणीत अडकून स्पॅममध्ये पडू शकतो. मटचे मेल पुढे पाठवणाऱ्या एमएसएमटीपी या प्रोग्राममध्ये प्रत्येक पत्त्याचं खातं वेगळं ठेवा आणि मटमध्ये ‘यूज एन्व्हलप फ्रॉम’ ही सेटिंग चालू करा. मग पत्ता बघून खातं आपोआप निवडलं जातं.

तपासायचं कसं

मेलच्या यादीत ‘एल’ दाबून टिल्डा (~) आणि लहान ‘पी’ टाका. फक्त तुम्हाला आलेले मेल उरले पाहिजेत. आंब्याची एखादी ऑर्डर गायब झाली, तर तो पत्ता जुळलेला नाही. टिल्डा आणि मोठा ‘पी’ टाकला की तुम्ही पाठवलेले मेल दिसतात, आणि तिथे धनंजयचा मेल दिसला तर ^ लिहायचं राहिलंय. शेवटी ज्यात तुमचे दोन पत्ते आहेत असा एखादा मेल घेऊन ‘जी’ने सर्वांना उत्तर उघडा, पाठवायच्या पडद्यावरचे फ्रॉम, टू, सीसी वाचा आणि ‘वाय’ न दाबता ‘क्यू’ने बाहेर या.