रिटेनिंग वॉलची परवानगी काढताय? या चुका टाळा

उतारावरचा प्लॉट स्वस्त मिळतो, आणि मग तो सपाट करायला पैसे लागतात. वरून खोदायचं, खाली भराव टाकायचा आणि तो भराव धरून ठेवायला भिंत बांधायची. या भिंतींची डिझाइनं आणि महापालिका-नगरपरिषदांमधल्या त्यांच्या फाइली हे माझं रोजचं काम. अडकलेल्या फाइली उघडून पाहिल्या की बहुतेक वेळा गोम एकाच ठिकाणी सापडते : अर्जात भिंतीचं नावच चुकलेलं असतं.

‘कंपाउंड वॉल’ लिहून मोकळं होणं

कंपाउंड वॉल हद्द दाखवते. रिटेनिंग वॉल माती धरते. दोन्ही दिसायला भिंतीच, पण एकीवर फक्त वारा येतो आणि दुसरीवर दिवसरात्र मातीचा रेटा असतो. मुंबई वगळून राज्यातल्या बहुतेक शहरांना २ डिसेंबर २०२० पासून एकच एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे. तिच्यात कंपाउंड वॉलला समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून १.५ मीटर उंची मिळते. वरचा ०.९ मीटरचा भाग जाळीचा ठेवला तर २.४ मीटरपर्यंत जाता येतं. लोक ही तरतूद वाचतात आणि आपली भिंत तिच्यात बसवायला जातात.

एका काकांच्या प्लॉटची फाइल माझ्याकडे दुसऱ्या फेरीत आली. पहिल्या नकाशावर हद्दीलगत एकच रेघ होती आणि शेजारी लिहिलं होतं, ‘कंपाउंड वॉल, उंची १.५ मी.’ पाहणीला आलेल्या कनिष्ठ अभियंता मॅडम वर उभ्या राहिल्या नाहीत. गुडघाभर गवतातून खालच्या प्लॉटमध्ये उतरल्या आणि दोरी बांधून दाखवलेल्या माथ्यापर्यंत त्यांनी टेप धरला. तीन मीटर चाळीस.

‘काका, ही माती कोण धरणार?’

‘मॅडम, आपल्या बाजूने दीडच मीटर दिसणार आहे.’

‘आणि खाली राहणाऱ्याला?’

फाइल परत गेली, आणि जायलाच हवी होती. भिंत दुप्पट उंच केली की तिच्यावरचा मातीचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो, आणि तिला उलथवणारा जोर आठपट. साधा कोरडा मुरूम धरला तर दोन मीटरच्या भिंतीला दर मीटर लांबीमागे सव्वा टनाच्या आसपास रेटा बसतो. चार मीटरला तोच पाच टनांच्या घरात जातो. २९ जून २०१९ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, पुण्यातल्या कोंढव्यात एका सोसायटीची भिंत खालच्या मजुरांच्या शेडवर कोसळली आणि १५ जणांचा जीव गेला. त्यात लहान मुलंही होती. खाली उतरून टेप लावणारा अधिकारी त्रास देतोय असं वाटलं, तर ती रात्र आठवा.

म्हणून प्लॅनच्या आधी सेक्शन, म्हणजे भिंतीचा उभा छेद, काढा. दोन्ही बाजूंच्या जमिनीची पातळी, पायाची खोली, माथा, मागचा भराव आणि वर येणारं वजन हे सगळं त्यात हवं. भिंतीमागे गाडी उभी राहणार असेल किंवा पाण्याची टाकी येणार असेल तर तेही दाखवा. पाच हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे पाच टन. अर्जात ‘संरक्षक भिंत (रिटेनिंग वॉल)’ असं स्वच्छ लिहा आणि परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरची आकडेमोड सही-शिक्क्यासह जोडा.

अलीकडे आणखी एक गोष्ट ऐकू येते : ‘चार फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, नेटवर वाचलंय.’ ती सूट अमेरिकेतल्या नमुना बांधकाम संहितेतली आहे. तिथेसुद्धा ते चार फूट पायाच्या तळापासून मोजतात आणि भिंतीवर वरून जादा वजन येत असेल तर सूट मिळत नाही. आपल्याकडच्या अर्जात तिचा काही उपयोग नाही.

हद्दीच्या रेघेवरच भिंत आखणं

‘एक इंचही सोडायचा नाही’ म्हणून लोक भिंतीचा बाहेरचा चेहरा बरोबर हद्दीवर आखतात. आरसीसीच्या रिटेनिंग वॉलचा तळ साधारण उंचीच्या निम्म्यापासून सत्तर टक्क्यांपर्यंत रुंद असतो. तीन मीटरच्या भिंतीला दीड ते दोन मीटर रुंद तळ लागतो, आणि त्याचा काही भाग भिंतीच्या पुढे येतो. चेहरा हद्दीवर असेल तर हा पुढचा भाग शेजाऱ्याच्या जमिनीखाली जातो. नकाशा तपासणाऱ्याला हे दिसलं की त्रुटी निघालीच. नाही दिसलं, तर उद्या शेजारी बेसमेंटसाठी खोदेल आणि पायाखालची माती काढून नेईल. ते जास्त वाईट.

भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी आधी करून घ्या आणि ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आल्यावरच आखणी करा. सातबारावरचं क्षेत्र आणि जागेवरचं कुंपण जुळतंच असं नाही. तळ आपल्याच हद्दीत बसत नसेल तर इंजिनिअरला तसं सांगा. पुढचा भाग कमी करून मागचा वाढवता येतो, फक्त खोदकाम आणि खर्च वाढतो.

पाणी नकाशात न दाखवणं

माझ्या अनुभवात भिंती मातीने कमी आणि पाण्याने जास्त पडतात. तीन मीटर भिंतीमागे माथ्यापर्यंत पाणी साचलं तर नुसत्या पाण्याचा रेटा मीटरमागे साडेचार टन होतो. मातीचा धरून एकूण जोर कोरड्या दिवसाच्या दुप्पट. तो येतो जुलैत, एका रात्रीत.

त्यामुळे सेक्शनमध्ये वीप होल, म्हणजे पाणी बाहेर पडायची भोकं, दाखवा. ७५ ते १०० मिलिमीटरचे पाइप, साधारण एक ते दीड मीटर अंतराने, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन. त्यांच्यामागे खडीचा थर हवा, नाहीतर पहिल्याच पावसात भोकं मातीने बुजतात. भरावाला काळी माती अजिबात नको. ती भिजली की फुगते आणि भिंतीला ढकलते. आणि भोकांतून आलेलं पाणी जाणार कुठे, हेही दाखवा. ते शेजाऱ्याच्या अंगणात सोडलेलं दिसलं तर हरकत येणार. पायथ्याशी गटार काढून ते पावसाळी वाहिनीला नेलेलं दाखवलं की हा प्रश्न तिथेच मिटतो.

शोषखड्डा भिंतीमागे ठेवू नका. बंगल्यांच्या नकाशात तो नेहमी मागच्या कोपऱ्यात, म्हणजे नेमका भिंतीच्या पाठीशी येतो.

आधी जेसीबी, मग अर्ज

नगररचना कायद्यात अभियांत्रिकी स्वरूपाचं कामही ‘विकास’ या व्याख्येत येतं, त्यामुळे परवानगीआधी सुरू केलेलं काम कलम ५३ च्या नोटिशीला पात्र ठरतं. त्याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. उतार एकदा कापला की मूळ पातळी पुराव्यासकट जाते. १:५ पेक्षा तीव्र उतारावर, म्हणजे पाच मीटर चालल्यावर एक मीटरहून जास्त चढ असेल तिथे, बांधकामाला बंदी आहे. तुमचा उतार त्यापेक्षा सौम्य होता हे सिद्ध करायला मूळ कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, लागतात. टोटल स्टेशन सर्व्हे (उपकरणाने पातळ्यांची मोजणी) आधी, जेसीबी नंतर.

नदीकाठचा प्लॉट असेल तर निळी आणि लाल पूररेषा तपासा. पहिली २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दुसरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत फाइल पुढे सरकेल या आशेवर पैसे घालू नका. वाटेत झाडं येत असतील तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी वेगळी घ्यावी लागते, आणि निघालेला मुरूम प्लॉटबाहेर विकायचा असेल तर तहसील कार्यालयाची.

‘साठ दिवस झाले, म्हणजे मिळाली’

नगररचना कायद्याच्या कलम ४५ नुसार ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मानीव ठरते, म्हणजे मिळाली असं धरतात, पण प्रस्ताव नियमांत पूर्ण बसत असेल तरच. शिवाय कार्यालयाने माहिती मागितली असेल तर दिवस तुमचं उत्तर पोचल्यापासून मोजतात. त्रुटीपत्रात सात मुद्दे असतील तर सातांचंही उत्तर एकाच वेळी द्या आणि पोच घ्या. तीन आज, चार नंतर, असं केलं की महिने जातात. परवानगी वर्षभर चालते आणि मुदतवाढ धरून एकूण चार वर्षं. दिवाळी झाली की अर्ज टाकला तर मे अखेर भिंत माथ्याला येते. मार्चमध्ये धावपळ करणाऱ्यांचे खड्डे जूनमध्ये उघडे राहतात.

हातात कागद आल्यावर

खोदताना दाखवलेल्या खोलीवर घट्ट मुरूम लागला नाही तर ठेकेदार म्हणेल, ‘साहेब, थोडं पीसीसी (पायाखालचं बिनसळईचं काँक्रीट) जाड करू.’ थांबा. पाया खोल गेला की भिंत उंच झाली आणि डिझाइन बदललं. सुधारित सेक्शन काढून मंजूर करून घ्या.

काम झाल्यावर माथ्यावरून ओळंबा सोडा, तळाशी आणि मध्यावर अंतर मोजा आणि तारखेसह भिंतीवरच खिळ्याने कोरून ठेवा. पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा मोजा. अंतर बदललं असेल, किंवा वर जमीन चिखल झालीय आणि वीप होल मात्र कोरडे आहेत, तर भिंतीजवळ कुणाला फिरकू देऊ नका, खालच्या लोकांना सावध करा, आणि त्याच दिवशी इंजिनिअरला बोलवा.